आमचे आमदार

गेल्या चातुर्मासांतील एका रात्रीं, जेवणें आटोपून पानाचें तबक फिरत असतांना, आमच्या घरांत एक प्रश्न निघाला. त्याचें उत्तर देतां देतां वडीलधाऱ्यांची जी फजिती झाली ती आधीं सांगितल्यावांचून पुढील विषयास हात घालणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. धाकट्या बंधूंचा नातू नववींत शिकतो. त्यास शाळेंतून ‘आमच्या मतदारसंघाचे आमदार’ या विषयावर निबंध लिहून आणावयास सांगितलें होतें. आमचें घर बदलापुरास. घरांत लहानथोर मिळून चौदा माणसें, त्यांतील दहा मतदार, चौघे पदवीधर, एक वकील आणि एक मी, ज्यानें उभा जन्म मुलांना संस्कृताबरोबर नागरिकशास्त्रहि शिकविलें. वकील पुतण्या म्हणाला, “आपण अंबरनाथ मतदारसंघांत.” त्याचा धाकटा भाऊ म्हणाला, “छे, कल्याण.” थोरल्या वहिनींनीं स्वयंपाकघरांतून खात्रीपूर्वक सांगितलें, “त्यांत विचारायचें काय? साबीर शेख!” तेव्हां भांडीं विसळून हात पुसत उभी असलेली आमची मोलकरीण हंसली व म्हणाली, “आपलं मत मुरबाडात पडतं, अण्णा. रेशनकार्डासाठी मीच गेले होते की आमदाराच्या हापिसात.”

तिचें म्हणणें खरें होतें. चौदा माणसांच्या शिकल्यासवरल्या घरांत ज्या एका व्यक्तीस आपला मतदारसंघ ठाऊक होता ती व्यक्ति त्या घरची नव्हती. त्या रात्रीं मला बराच वेळ झोंप आली नाहीं, व दुसऱ्या दिवसापासून मी जुनीं वर्तमानपत्रें व निवडणुकींचे तक्ते चाळूं लागलों. त्यांतून हा लेख झाला आहे.

आधीं तिघांच्या चुकांविषयीं. वकिलाची चूक ही जुन्या ज्ञानाची चूक होती. २००८ पूर्वीं अंबरनाथ व बदलापूर हीं दोन्ही गांवें एकाच अंबरनाथ मतदारसंघांत मोडत. न्यायमूर्ति कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें २००१ च्या जनगणनेवरून देशांतील बहुतेक राज्यांचे मतदारसंघ नव्यानें आंखले, ते २००८ सालीं अमलांत आले. ठाणे जिल्हा तेव्हां अखंड होता. पालघर पुढें २०१४ च्या १ ऑगस्टला वेगळा झाला. त्या अखंड जिल्ह्याच्या विधानसभेंतील जागा तेरांवरून एकदम चोवीस झाल्या. माणसें वाढलीं म्हणून जागा वाढल्या, हें सरळच आहे. परंतु रेघा ओढतांना अंबरनाथ अनुसूचित जातींसाठीं राखीव झालें, उल्हासनगर स्वतंत्र राहिलें, आणि बदलापूर उचलून मुरबाडास जोडलें गेलें. धाकट्या पुतण्याच्या मनांत जें कल्याण होतें तो लोकसभेचा मतदारसंघ, आणि तोहि आमचा नव्हे. उल्हासनगर व अंबरनाथ कल्याणच्या खासदारास मत देतात. आम्ही मुरबाडाबरोबर भिवंडीच्या खासदारास देतों. लोहमार्गानें यावें तर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हीं ओळीनें लागणारीं स्थानकें. तीन स्थानकांस तीन आमदार व दोन खासदार. सकाळच्या लोकलमध्यें एकाच बाकावर खेटून बसणारीं माणसें एकमेकांचे शेजारी खरीं, पण मतपेटीपुरतीं परगांवचीं.

राहिली वहिनींची चूक. ती चूक मला सर्वांत विचार करण्यासारखी वाटली. साबीर शेख शेवटचे निवडून आले ते १९९९ सालीं, आणि २०१४ सालीं ते निवर्तलेहि. मग इतक्या वर्षांनीं एका सोवळ्या घरांतील वृद्ध स्त्रीच्या तोंडीं ‘आमदार’ म्हणतांच हेंच नांव कां यावें?

‘आमदार’ हा शब्द पाहा. ‘आम’ म्हणजे सर्वसाधारण, लोकांचें, हा अरबी. ‘दार’ म्हणजे धारण करणारा, हा फारसी. जहागीरदार, किल्लेदार, सुभेदार या माळेंतला हा मणि. शब्दाच्या घडणींत अजून दरबाराचा वास आहे, आणि लोकांच्या वागण्यांतहि तो आहे. आमच्याकडे आमदारास कोणी ‘प्रतिनिधि’ म्हणत नाहीं; लोक त्याच्याकडे ‘गाऱ्हाणें घेऊन’ जातात. घटनेच्या दृष्टीनें मात्र त्याचें काम निराळें. विधानसभेंत २८८ सभासद. त्यांनीं कायदे करावयाचे, राज्याच्या खर्चास मान्यता द्यावयाची, मंत्र्यांस प्रश्न विचारावयाचे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा हीं त्याचीं आयुधें. अर्थसंकल्पाचें व पावसाळी अधिवेशन मुंबईस, हिवाळी नागपुरास. वर्षांतून तीन वेळां त्याची परीक्षा. पण मतदारसंघांत त्या परीक्षेचा निकाल कोणी वाचीत नाहीं. तेथें दुसरीच परीक्षा चालू असते: लग्नास आला कीं नाहीं, दवाखान्यांत खाट मिळवून दिली कीं नाहीं, नळाला पाणी आणलें कीं नाहीं. मी तीस वर्षें मुलांना पहिली परीक्षा शिकविली. दुसरीची गोष्ट पुस्तकांत नव्हती.

आतां या भूमीविषयीं थोडें. अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. शिलाहार राजा मम्वाणि याच्या काळीं देवालयाचें काम पूर्ण झालें, असें त्यावरून समजतें. विशेष म्हणजे त्या लेखांत राजाबरोबर त्याच्या अमात्य-प्रधानांचीं नांवेंहि कोरलेलीं आहेत. साडेनऊशें वर्षांपूर्वींचे मंत्री आपणांस नांवानिशीं ठाऊक आहेत, आणि गेल्या पिढींतला मंत्री ठाऊक नाहीं, ही आमच्या घरची स्थिति! देवळाच्या आसपास पुढें कारखाने आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना व विमकोचा आगपेट्यांचा कारखाना येथें सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर सरकारी शस्त्रसामग्रीचे कारखाने आले. घाटावरून, कोंकणांतून, खानदेशांतून माणसें येऊन चाळींत राहूं लागलीं. शेजारीं कल्याणच्या लष्करी छावण्यांत १९४७ नंतर सिंधमधून घरेंदारें सोडून आलेले लोक वसले. त्या वस्तीस १९४९ च्या ऑगस्टांत गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनीं ‘उल्हासनगर’ हें नांव दिलें. उल्हासनगरच्या पुढील राजकारणाची कथा स्वतंत्र आहे. ती कोणी लिहिली तर रोमहर्षक होईल, परंतु घरांत मोठ्यानें वाचावयाच्या मासिकांत नको. अंबरनाथची कथा कामगारांची आहे, आणि तिच्यांतून साबीर शेख पुढें आले.

त्यांचें मूळ जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवचें. शिवनेरीच्या छायेंतला हा मुलूख. तेथल्या मुलास शिवाजीमहाराजांच्या गोष्टी पाळण्यांतच ऐकावयास मिळतात, मग घर कोणत्याहि धर्माचें असो. शिवसेना १९६६ च्या जूनमध्यें स्थापन झाली व तिच्या आरंभींच्या काळापासून ते तिच्यांत वावरले. अंबरनाथहून विधानसभेवर ते १९९०, १९९५ व १९९९ असे लागोपाठ तीन वेळां निवडून आले. मुसलमान माणसानें शिवसेनेचें तिकीट घ्यावें व हिंदु बहुसंख्य मतदारसंघांतून तीनदां विजयी व्हावें, ही गोष्ट त्या काळीं परगांवच्या लोकांस कोड्यासारखी वाटे. अंबरनाथच्या लोकांस तिचें कांहीं विशेष वाटत नसे, कारण ते त्यांस आधीं वक्ता म्हणून ओळखत. शिवचरित्र व संतवाङ्मय हे त्यांचे आवडते विषय, गडकिल्ल्यांचें वेड, आणि मराठी अशी कीं डोळे मिटून ऐकणाऱ्यास एखादे हरिदास बोलत आहेत असें वाटावें. आमच्या वहिनींनीं त्यांचें भाषण एकदां ऐकलें होतें. काय ऐकलें हें आज त्यांस सांगतां येत नाहीं; “वाणी गोड होती” एवढेंच त्या म्हणतात. त्यांच्या स्मरणांत ‘आमदार’ या पदाला तोच आवाज चिकटून राहिला आहे.

आमचे थोरले बंधु, जे आतां नाहींत, ते त्या भाषणास गेले नव्हते. “मुसलमान माणूस संतांवर काय बोलणार?” असें ते म्हणाले होते, व मीहि तेव्हां गप्प बसलों. वास्तविक बोलावयास हवें होतें, कारण उत्तर मला ठाऊक होतें. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनीं ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठींत लिहिला. एकनाथांचे गुरु जनार्दनस्वामी, त्यांचे गुरु चांद बोधले, आणि तेच शेख महंमदांचेहि गुरु, अशी परंपरा सांगतात. हुसेन अंबरखान यांनीं भगवद्गीतेवर मराठींत टीका लिहिली; शहामुनींनीं ‘सिद्धांतबोध’ रचला. डॉ. रा. चिं. ढेरे यांनीं ‘मुसलमान मराठी संतकवि’ हें पुस्तकच लिहिलें आहे व तें माझ्या कपाटांत होतें. इतकें असून वडील बंधूंपुढें मी बोललों नाहीं. एकत्र कुटुंबांत शांतता राखण्याचे जे मार्ग असतात त्यांत हा एक. पण तो सर्वदा स्तुत्यच असतो असें नाहीं. साबीर शेख हे काहीं तरी नवलाचें करीत नव्हते, तीन-चार शतकांची एक जुनी वाट चालत होते, एवढें तरी मीं त्या दिवशीं म्हणावयास हवें होतें.

१९९५ च्या फेब्रुवारींतील निवडणुकीची एक आठवण येथें सांगावीशी वाटते, कारण आमदाराची कारकीर्द कोठें सुरू होते हें मला त्या रात्रीं कळलें. शिक्षक म्हणून मला मतदान अधिकाऱ्याचें काम आलें होतें व डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावरील प्राथमिक शाळेंत आम्ही पांचजण मुक्कामास होतों. तें शेषन यांचें युग होतें. सर्वांच्या मनांत त्यांचा धाक. रात्रीं गॅसबत्तीच्या उजेडांत मतपत्रिका मोजून त्यांचे क्रमांक लिहिले, शिक्के तपासले, मतदानकक्षासाठीं वर्गांतला फळा आडवा लावला. सकाळीं उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष रिकामी पेटी उघडून दाखवून तिला कागदी पट्टी व लाख लावली. पहिल्या दोन तासांत बायकाच आल्या, कारण त्यांस पुढें रानांत जावयाचें होतें. डाव्या तर्जनीवर शाई लावून घेतांना एक म्हातारी कातकरीण मला म्हणाली, “मास्तर, शिक्का मारला. आता पाणी येल ना?” मी सरकारी नियमाप्रमाणें कांहीं बोललों नाहीं. तिनें माझ्याकडे जरा वेळ पाहिलें आणि ती निघून गेली. त्या पाड्यापासून बारवीचें धरण फार लांब नव्हतें. तें औद्योगिक विकास महामंडळाचें; तेथील पाणी कारखान्यांस व खालच्या शहरांस जातें, आमच्याहि नळास येतें.

त्या निवडणुकींत शिवसेनेस ७३ व भारतीय जनता पक्षास ६५ जागा मिळाल्या, व १४ मार्च १९९५ रोजीं मनोहर जोशी यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. त्यांत साबीर शेख कामगारमंत्री झाले. अंबरनाथच्या चाळींत त्या दिवशीं जो आनंद झाला असेल त्याची कल्पना कोणासहि करतां येईल. परंतु मला, निबंधाच्या निमित्तानें हें सर्व वाचतांना, त्या खात्याची कांटेरी बाजू अधिक जाणवली. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें शंभर वा अधिक कामगारांचा कारखाना बंद करावयाचा तर मालकास सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागे. अर्ज आल्यावर साठ दिवसांत सरकारनें उत्तर दिलें नाहीं, तर परवानगी मिळाली असेंच समजलें जाई. म्हणजे कामगारमंत्र्याच्या खात्यांत नुसतें मौन राखणें हाहि एक निर्णय होता. परवानगी नाकारावी तर मालक न्यायालयांत जातो, किंवा वीजबिल थकवून कारखाना आपोआप बंद पडूं देतो. द्यावी तर हजारभर घरांच्या चुली विझतात. मुंबईच्या गिरण्यांचा संप १९८२ च्या जानेवारींत सुरू झाला होता, त्याच्या राखेवर हें सर्व चाललें होतें. आणि कल्याणच्या परिसरांतील जुने कारखाने एकेक करून खंगत होते. शस्त्रसामग्रीचे कारखाने केंद्राचे, ते टिकले. आगपेट्यांचा कारखाना पुढें बंद पडला. मोहने येथील एन. आर. सी. हा प्रचंड कारखाना २००९ सालीं थांबला. कामगारांच्या मतांवर निवडून आलेल्या माणसास कामगारखातें देणें म्हणजे वैद्यास स्वतःच्या घरांतील रोग्यापाशीं बसविण्यासारखें आहे. वाणीनें सभा जिंकतां येते, पण फाइलीवरच्या शेऱ्यास वाणी नसते. त्या शेऱ्यांचा हिशेब मजपाशीं नाहीं, म्हणून मंत्री म्हणून ते कसे होते यावर मी मत देत नाहीं. सत्तेच्या पांच वर्षांत माणूस स्वतःसाठीं काय करून ठेवतो हें मात्र पुढच्या काळावरून दिसतें, आणि त्यांच्या बाबतींत तें पुढें दिसलें.

१९९९ सालीं विधानसभेची निवडणूक लोकसभेबरोबरच झाली. ते निवडून आले. त्यांच्या पक्षाचें सरकार मात्र गेलें. २००४ सालीं अंबरनाथची जागा राष्ट्रवादी काँग्रेसचे किसन कथोरे यांजकडे गेली. त्यानंतर साबीर शेख हळूहळू दृष्टिआड झाले. शेवटचीं वर्षें कल्याणजवळच्या कोनगांवांत, साध्या राहणींत व दीर्घ आजारांत गेलीं. एके काळीं राज्याचा मंत्री असलेला मनुष्य असा राहतो याचें वृत्तपत्रांना नवल वाटे. मला त्याचें नवल वाटत नाहीं. वाईट वाटतें तें एवढ्याचेंच कीं ज्या गांवांनीं त्यांस तीनदां निवडलें तेथील आमच्यासारख्या माणसांस ते कोठें आहेत याची चौकशी करण्याचेंहि सुचलें नाहीं. आम्ही निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांतले आंकडे वाचतों, ‘कोण आला, कोण पडला’ म्हणतों, आणि संपलें.

किसन कथोरे यांची कारकीर्द अगदीं निराळ्या जातीची, म्हणून तिचाहि उल्लेख करावा लागेल. शिवाय निबंध वस्तुतः त्यांच्याच विषयीं लिहावयाचा होता. साबीर शेख व्यासपीठावरून आले. कथोरे पायऱ्यांनीं आले. महाराष्ट्रांत वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीनंतर १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा झाला व १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या. ग्रामपंचायत, पंचायत समिति, जिल्हा परिषद अशी ही तीन पायऱ्यांची शिडी. चौथी पायरी विधानसभा. बदलापुराजवळच्या गांवांतून निघून कथोरे या शिडीनें ठाणे जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदापर्यंत गेले आणि तेथून २००४ सालीं विधानसभेंत. या शिडीवरून आलेल्या माणसास भाषण साधलें नाहीं तरी चालतें. पण कोणत्या गावीं कोणता साकव पडला आहे, कोणत्या शाळेचें छप्पर गळतें, कोणता ग्रामसेवक कोणाचा कोण, हें त्यास पाठ असावें लागतें. २००८ च्या रेघांनीं अंबरनाथ राखीव झाल्यावर ते २००९ सालीं मुरबाडास उभे राहिले व निवडून आले. २०१४ सालीं त्यांनीं पक्ष बदलला व भारतीय जनता पक्षाच्या वतीनें विजय मिळविला. २०१९ सालीं लाखाहून अधिक मताधिक्यानें, व २०२४ च्या नोव्हेंबरांत पुन्हा, म्हणजे एकूण पांचव्यांदा. तिकडे राखीव झालेल्या अंबरनाथांत डॉ. बालाजी किणीकर २००९ पासून चारहि निवडणुका जिंकले.

पक्षांतराविषयीं आमच्या घरांत मतभेद आहेत. वकील पुतण्या सांगतो कीं घटनेच्या दहाव्या परिशिष्टाचा, म्हणजे १९८५ च्या पक्षांतरबंदीचा, येथें संबंध नाहीं. ती बंदी सभागृहांत बसलेल्या सभासदास आहे, नव्या निवडणुकीस नव्या चिन्हावर उभें राहण्यास नाहीं. कायद्यानें तें बरोबर आहे. मला स्वतःला एका चिन्हावर मत मागून पुढल्या खेपेस दुसऱ्यावर मागणें रुचत नाहीं; पण लाखांवर मताधिक्य देणाऱ्या लोकांस तें रुचलें, आणि त्या लोकांत आमच्या घरचींहि कांहीं मतें असतील. शिडीवर चढणारा मनुष्य शिडी कोणत्या भिंतीस टेकली आहे हें फारसें पाहत नाहीं. खालचे लोकहि तो वर पोहोंचला कीं नाहीं एवढेंच पाहतात.

मुरबाड मतदारसंघ मोठा चमत्कारिक आहे. एका टोंकास माळशेज घाटाखालचीं भाताचीं शेतें व आदिवासी पाडे. दुसऱ्या टोंकास आमचें कुळगांव-बदलापूर. २००१ च्या जनगणनेंत आमच्या नगरपरिषदेची लोकसंख्या ९७,९४८ होती; २०११ सालीं ती १,७४,२२६ झाली, आणि त्यानंतर किती इमारती उठल्या त्यांची गणति आमच्या गच्चीवरूनहि करवत नाहीं. पूर्वीं मुरबाडच्या शेतकऱ्याचा आमदार असे. आतां त्याच आमदारास सकाळीं लोकलच्या गर्दीनें त्रासलेला कारकून व दुपारीं वनहक्काचा कागद घेऊन आलेला ठाकूर, अशा दोघांसहि उत्तर द्यावें लागतें. लोकल ही त्याच्या हातांतली गोष्ट नव्हे, ती केंद्राची. पण लोकांस त्याचें काय? २६ जुलै २००५ च्या महापुरांत उल्हास नदीनें आमचीं घरें पाण्याखालीं नेलीं, आणि २०१९ च्या जुलैंत बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यांत अडकली. त्या दोन्ही वेळीं लोकांनीं प्रथम ‘आमदार कोठें आहे?’ हेंच विचारलें. नदीच्या पात्रांत भर घालून ज्यांनीं इमारती उठविल्या त्यांस कोणी विचारलें नाहीं.

मोलकरणीच्या रेशनकार्डाची गोष्ट राहिली. आमच्या गल्लींत पाणी दोन दिवसांआड व अर्धा तास येत असे. त्याविषयीं मीं एका कार्यालयास अर्ज लिहिला. अर्ज उत्तम मराठींत होता. नियमांचे आधार होते. दोन संस्कृत वचनेंहि होतीं, जीं आतां वाटतें कीं गाळलीं असतीं तर बरें झालें असतें. अकरा महिने उत्तर नाहीं. मध्यंतरीं पुतण्यानें सुचविलें कीं आमदारांच्या कार्यालयांत जाऊन सांगावें. मी म्हणालों, “आपण शिकलेलीं माणसें; कोणाच्या दारांत जाऊन उभें राहणार नाहीं.” त्याच सुमारास आमच्या मोलकरणीचें रेशनकार्डावरील नांव कमी झालें होतें. ती आपल्या वस्तींतल्या चार बायकांबरोबर संपर्क कार्यालयांत गेली. तेथल्या मुलानें कागद पाहिले, एक प्रतिज्ञापत्र कमी होतें तें सांगितलें, तहसीलदार कचेरींत कोणत्या खिडकींत जावयाचें तें चिठीवर लिहून दिलें, व तीन आठवड्यांत तिचें काम झालें. तिला आमदार भेटला नव्हता. तिला लाचारीहि वाटली नव्हती. तिच्या मनांत सरळ हिशेब होता: मत दिलें आहे, तेव्हां काम सांगावें. माझ्या ‘आपण शिकलेलीं माणसें’ या वाक्यांत जो अभिमान होता त्याची किंमत आमच्या घरानें अकरा महिने बादल्या भरून मोजली, आणि बादल्या भरणाऱ्यांत मी नव्हतों, घरांतल्या बायका होत्या.

शेवटीं मीं व दोन्ही पुतणे त्या कार्यालयांत गेलों. वहिनींनीं जातांना विचारलें, “कोणाकडे जातां?” मीं नांव सांगितलें. “म्हणजे ते शेख नाहींत वाटतें आतां,” त्या म्हणाल्या. तोंवर त्यांस कोणी सांगितलेंच नव्हतें. मीं सांगितलें कीं ते जाऊन दहा वर्षें होऊन गेलीं. त्या कांहीं बोलल्या नाहींत. जरा वेळानें देवघरांत जाऊन त्यांनीं समईची वात सारखी केली.

पाण्याचें अजून पुरतें झालेलें नाहीं. वेळ अर्ध्या तासाची पाऊण तास झाली आहे व तक्रारीस क्रमांक मिळाला आहे.

नातवानें निबंध लिहिला. सध्यांच्या आमदारांची माहिती, निवडणुकींचीं सालें, विधानसभेचीं कामें असें सर्व त्यानें नीट मांडलें. शेवटीं वहिनींच्या आग्रहावरून साबीर शेख यांच्याविषयीं एक परिच्छेद जोडला. वही परत आली तेव्हां त्या परिच्छेदावर तांबड्या शाईची आडवी रेघ होती व समासांत ‘विषयास सोडून’ असा शेरा. असे शेरे मीं स्वतः हजारों वह्यांत लिहिले आहेत, म्हणून तक्रार करण्याचा मला अधिकार नाहीं. मुलानें ती वही वहिनींस वाचून दाखविली, तेव्हां खोडलेला परिच्छेदहि त्यानें वाचला.